बहात्तर टंचाचे पोतदारसाहेब

पोतदारसाहेबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला की खुर्ची मागे पडायची. धाड्‌! आणि पाठोपाठ नाण्यांचा सडा. स्लोटरडाइकच्या आमच्या ऑफिसात नवा आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी या आवाजाने जागेवरून उडाला आहे. आम्ही जुने लोक मान वर न करता नुसते पाय उचलायचो, घरात कुणी केर काढायला आलं की उचलतो तसे. साहेब गुडघ्यांवर येऊन टेबलांखालून नाणी गोळा करायचे आणि प्रत्येक नाणं उचलताना त्याच्याकडे असं निरखून बघायचे, जणू पडता पडता ते बदललं असावं.

"काही निघालं का?" मी वरून विचारायचो.

"सगळी सख्खी भावंडं," खालून उत्तर यायचं.

या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन महिने लागले. तुम्हाला लगेच सांगून टाकतो. पोतदारसाहेब बँकेतून दोन युरोच्या नाण्यांचे कागदात गुंडाळलेले रोल आणत आणि त्यांत चांदी शोधत. एका रोलमध्ये पंचवीस नाणी. पंचवीसही दोन युरोचीच निघाली, तर सगळी सख्खी भावंडं. एखादं भलतंच नाणं निघालं, तर "पाव्हणा आलाय."

आता युरोत चांदी नसते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पोतदारसाहेबांनाही होतं. ते शोधत होते गुल्डन. युरो येण्याआधी या डच मुलखात गुल्डन चालायचा, आणि खूप पूर्वीचा गुल्डन चांदीचा असायचा. राणीचा मुखवटा असलेलं हे नाणं दोन युरोच्या नाण्यापेक्षा केसभरच लहान. कुणा म्हातारीच्या पर्समधून ते चुकून दोन युरोच्या नाण्यांत जाऊ शकतं, असं साहेबांचं म्हणणं.

"पण साहेब, बँकेत मोजायचं मशीन असतं. ते बाहेर फेकेल की!"

यावर ते माझ्याकडे, पुण्यात वाढलेल्या माणसाकडे, अपार करुणेने बघत. "पुणेकर, मी तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. माझी पोरगी शिकली, घराचे हप्ते फिटले, ते सगळं एका विश्वासावर. काय? की मशीन चुकतं. आता नाण्यांच्या मशीनपुरता तेवढा नास्तिक होऊ व्हय मी?"

साहेब मूळचे कोल्हापूरकडच्या हुपरीचे. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघरी पैंजण, तोडे, जोडवी घडतात. त्यांच्या आजोबांची तिथे पेढी होती. पेढीतली जमीन झाडली की ती धूळ फेकायची नाही, डब्यात साठवायची. तासलेल्या, घासलेल्या चांदीचे कण त्यात उतरलेले असत. वर्षाकाठी झारेकरी येऊन धूळ धुऊन चांदी काढून देई. आणि पोतदारांच्या घरात अशी रीत, की घरात जन्मलेल्या बाळाच्या पायात पहिले वाळे पडायचे ते या धुळीतल्या चांदीचे. विकत घेतलेल्या चांदीचे नाहीत. "विकतची चांदी दुकानाची, सापडलेली चांदी बाळाची," असं आजोबा म्हणत.

साहेबांची मुलगी गौरी जन्मली तेव्हा साहेब नोकरीसाठी गाव सोडून आलेले, पेढी विकलेली. वाळे दुकानातून आणले. आजोबांनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि परत देताना एवढंच म्हणाले, "छान आहेत. कुणाचे आहेत?" हा किस्सा साहेब हसत हसत सांगत, पण शेवटच्या प्रश्नाला त्यांचा आवाज दर वेळी आजोबांसारखा व्हायचा.

म्हणून हा खटाटोप. गौरी टिलबर्गच्या विद्यापीठात शिकवते, मार्टेन नावाच्या उंच, शांत डच मुलाशी तिने लग्न केलंय. तिला बाळ होईल तेव्हा आजोळचे वाळे सापडलेल्या चांदीचे, असा साहेबांचा पण. त्यासाठी चार गुल्डन लागणार, हिशेब तयार होता. दोन गुल्डनचा एक वाळा. "रायस्वाइकच्या माझ्या फ्लॅटमध्ये चांदीची धूळ कुठनं आणू? इथली धूळ म्हणजे हे रोल," ते म्हणायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, तो गुल्डनसुद्धा शुद्ध चांदीचा नसतो म्हणे. "बहात्तर टंच असतो," ते ताडकन म्हणाले. "शंभरात बहात्तर भाग चांदी. यापेक्षा कमी टंचाची माणसं मी मॅनेजर म्हणून सहन केलीत."

पण रोल मिळायचे कसे? इथे हल्ली रोख पैसे दाखवले तर लोक तुमच्याकडे ओळखपत्र मागतील अशा नजरेने बघतात. बँक नाण्यांचे रोल देते ते फक्त व्यापाऱ्यांना, सुट्ट्यांसाठी. म्हणून साहेबांनी व्यापार काढला. म्हणजे बायकोला काढायला लावला. मालतीवहिनींच्या नावाने उकडीच्या मोदकांचा उद्योग रीतसर नोंदवला गेला, बँकेत धंद्याचं खातं उघडलं, आणि मालकीणबाईंचे प्रतिनिधी म्हणून साहेब दर शुक्रवारी चार रोल आणायला जाऊ लागले.

बँकेतल्या बाईंना तिसऱ्या महिन्यात शंका आली. साहेबांना खुर्चीत बसवून त्यांनी विचारलं, "मोदक म्हणजे काय?"

"गोड पदार्थ. आमच्या देवाला आवडतो."

"आणि तुमचे देव रोख पैसे देतात?"

"देव नाही, गिऱ्हाईक. आमचं गिऱ्हाईक जुन्या वळणाचं आहे."

"सगळं?"

पुढच्या शुक्रवारी साहेब पुरावा म्हणून अकरा मोदक घेऊन गेले, वर तुपाची छोटी बाटली. बाईंनी एक खाल्ला. डोळे मिटले. दुसरा खाल्ला. मग म्हणाल्या, शनिवारी माझ्या आईचा वाढदिवस आहे, एकवीस पाठवा. आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत खिशातून फोन काढून सगळे पैसे एका क्षणात भरून टाकले. साहेब सांगायचे, "धंद्याचं एवढं नुकसान माझं कुणी केलं नव्हतं."

तपासून झालेली नाणी खपवायची हा दुसरा व्याप. सुपरमार्केटांत कार्डाशिवाय भाषा नाही. मग साहेब सायकलला दोन पिशव्या लटकवून हेगच्या मोठ्या बाजारात जायचे आणि भाजीवाल्यांना नाणी मोजून द्यायचे. भाजीवाले खूश. त्यांच्या आरोळ्यांत साहेबांच्या नावाची एक वेगळी आरोळी तयार झाली होती. सायकलचं मागचं टायर वर्षात दोनदा फुटलं. मालतीवहिनी मला म्हणाल्या, "भावजी, चांदी येईल तवा येईल. घरात आत्ता अकरा फ्लॉवर आलेत. ह्यांना सांगा, एवढे मोदकात घालता येत न्हाईत."

वहिनींबद्दल सांगायला हवं. बोलणं मोजकं, हात सतत कामात. साहेब हुपरीच्या चांदीवर व्याख्यान देत असले की त्या आत जाऊन कुकर लावत. शिट्टी बरोबर आजोबांच्या वाक्यावर व्हायची. मला तो निव्वळ योगायोग वाटायचा. आता वाटत नाही.

शनिवारी दुपारी चहानंतर रोल उघडण्याचा विधी व्हायचा, आणि शेजारच्याच इमारतीत राहत असल्याने मी तिथे कायमचा प्रेक्षक. साहेब हात धुऊन येत. जेवणाच्या टेबलावर गोधडी पसरत, नाणी घरंगळू नयेत म्हणून. फोन बंद. मग कागद एका नखाने असा सोलायचा, की वाटावं आत केळं आहे. नाण्यांची चळत आडवी ठेवून डोळा तिच्या पातळीवर आणायचे. कड सगळीकडे सारखी? मग सख्खी भावंडं. कुठे खाच दिसली? मग पाव्हणा. पण पाव्हणा आला तरी काम संपत नसे. नंतरच्या काळातले गुल्डन निकेलचे. दिसायला तसेच पांढरे, तीच राणी. तेव्हा साहेब आधी साल वाचत, मग खात्रीला ते नाणं खिडकीच्या संगमरवरी कट्ट्यावर टाकत आणि कान लावत. निकेल टक्‌ म्हणून गप्प बसतं. चांदी बोलत राहते.

पाच वर्षांत पाव्हणे आले सात. पैकी चांदीचे दोन. हो, खरंच आले! मशीन दोनदा चुकलं. दुसऱ्या वेळी मी तिथेच होतो. साहेबांनी नाणं टाकलं, ते टिण्‌ण्‌ण्‌ करत राहिलं, आणि हा साठीचा माणूस गोधडी खांद्यावर घेऊन खोलीभर नाचला. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "गोधडी धुवायची हाय, खाली टाका."

मग त्या जानेवारीत गौरीचा फोन आला. मे महिन्यात बाळ.

घरात आनंदीआनंद. साहेबही आनंदले, पण त्या शुक्रवारी चारच्या जागी दहा रोल घेऊन आले. दोन गुल्डन हाताशी, दोन हवेत, आणि दिवस भराभर जाऊ लागले. फेब्रुवारी गेला, भावंडं. मार्च गेला, भावंडं. ऑफिसात ते दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका अशा काही तळमळीने शोधू लागले, की दोन प्रोग्रॅमर रजेवर गेले. ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघत एकदा मला म्हणाले, "एक खुळचट शंका येते, पुणेकर. समज, मशीन सुधारलं असलं तर?" तीस वर्षांच्या टेस्टरच्या तोंडून हे ऐकताना मला त्यांची काळजी वाटली.

एप्रिलच्या शेवटी, साहेब केस कापायला गेलेले असताना, वहिनींनी मला बोलावून घेतलं. पदराची गाठ सोडून दोन नाणी गोधडीवर ठेवली. राणीचा मुखवटा. गुल्डन. चांदीचे.

"वहिनी! कुठून आणलेत?"

"आणले कुठनं तरी. ह्यातला एक आज रोलात घाला. दुसरा पुढच्या आठवड्यात. तुमचे हात बारीक हाईत."

मी गुन्ह्यात सामील झालो. नुसता झालो नाही, रंगलो. रोलचं एक टोक वाफेवर धरून मोकळं केलं, मधलं एक नाणं काढलं, गुल्डन सरकवला. कागद पुन्हा चिकटवायला डिंक सापडेना. वहिनींनी कणकेची खळ करून दिली. रोल इतर रोलांत ठेवला तेव्हा मीसुद्धा तो ओळखू शकलो नसतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. जगातल्या यशस्वी दरोडेखोरांची मान अशीच डोलत असणार.

शनिवार. चहा. गोधडी. पहिला रोल, भावंडं. दुसरा, भावंडं. तिसरा साहेबांनी हातात घेतला आणि मी खोकलो. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की माझा खोकला तिथेच बरा झाला.

कागद सोलला. डोळा पातळीवर आला. साहेब कुजबुजले, "पाव्हणा आलाय."

"अरे वा!" मी नको इतक्या मोठ्याने म्हणालो.

त्यांनी नाणं दोन बोटांत धरलं. खिडकीकडे नेलं. उजेडात ते असं लखलखत होतं, की राणीच्या नाकाची सावली पडत होती. साहेबांनी ते नाकाजवळ नेलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"पाव्हणा आंघोळ करून आलाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "दात घासून आलाय."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी छताकडे. घरातली चांदीची वस्तू देवासमोर जाण्याआधी दंतमंजनाने लख्ख घासायची, या हातांच्या सवयीने त्यांनी पन्नास-साठ वर्षांचा काळपटपणा एका सकाळी उतरवला होता.

साहेबांनी आता कागद उचलला. त्याचाही वास घेतला. मग माझ्याकडे वळले. "आणि बँकेचं मशीन कणकेची खळ कधीपासून लावाय लागलं रे?"

मी बरंच काही बोललो. त्यातलं मला काही आठवत नाही, आणि त्यांनीही ऐकलं नसावं.

"टेस्टरनं आपणच चूक पेरायची आणि आपणच शोधायची, ह्याला टेस्टिंग म्हणत न्हाईत, मर्दा. तुला सांगून काय उपयोग, तू डेव्हलपर." मग वहिनींकडे बघून, आवाज उतरवून, "मालती, विकतच आणायची असती तर मला आणता आली नसती व्हय गं?"

वहिनींनी साहेबांच्या तळहातावरून नाणं उचललं आणि आत गेल्या. आतून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला नाही. मला तेच जास्त लागलं.

मे महिन्यात मुलगी झाली. जूनमध्ये टिलबर्गला बारसं. तोपर्यंत आणखी साठ रोल उघडून झाले होते, एकही पाव्हणा नाही. शेवटच्या आठवड्यात साहेबांनी इमारतीमागच्या शेडमध्ये नळ जोडणाऱ्यांची गॅसची बत्ती पेटवली, स्वतःचे दोन गुल्डन वितळवले, तार ओढली, ठोकली, वळवली. लहानपणी शिकलेलं हात विसरले नव्हते. वाळा झाला. देखणा, टोकांना दोन बारीक कळ्या. एक वाळा.

बारशाला पाळणा मार्टेनने स्वतः बनवलेला. एका ताटात घुगऱ्या, दुसऱ्यात त्याच्या आईने आणलेले गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या लावलेले टोस्ट. नाव ठेवलं रेवा. साहेबांनी नातीच्या उजव्या पायात वाळा चढवला आणि जमलेल्या बायका डाव्या पायाकडे बघू लागल्या.

"काका, दुसरा?" गौरीच्या मैत्रिणीने विचारलं.

"येतोय."

"म्हणजे बारसं झाल्यावर?"

"तिला चालायला वर्ष हाय अजून. डावा पाय काय लगेच कुठं निघालाय?"

सगळे हसले. साहेबही हसले. पण मार्टेन हा सरळ माणूस. तो इंग्रजीत म्हणाला, "बाबा, मला समजत नाही. आईंकडे तशीच दोन नाणी आहेत, मी तुमच्या घरी देवासमोर बघितली. ती का नाही वापरली?"

मग साहेबांनी त्याला समजावलं. आजोबा, धूळ, झारेकरी, विकतची चांदी आणि सापडलेली चांदी. छान समजावलं. शेवटी म्हणाले, "तिची नाणी विकतची आहेत. म्हणून."

वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. "विकतची?" त्या म्हणाल्या. "पन्नास सेंटला चांदी कुठं विकत मिळती?"

सगळ्या माना वहिनींकडे वळल्या. रेवाचीसुद्धा.

"राजाच्या वाढदिवसाला आपल्या गल्लीत सगळी माणसं घरातला पसारा रस्त्यावर विकाय बसतात का न्हाई? एक बाई बिस्किटाचा डबा घेऊन बसली हुती. तिच्या आज्याचे गुल्डन, डबाभर. कुठलाबी उचला, पन्नास सेंट. सगळे निकेलचे. दोन सोडून."

"साल वाचलंस?" साहेबांनी विचारलं.

"चष्मा घरात हुता."

"मग?"

"मग काय? फरशीवर टाकून बघितले एकेक."

साहेब उभे होते ते टेकले. "किती वेळ लागला?"

"दहा मिन्टं. त्यात ती बाई मला बिस्कीट खा म्हणून आग्रह कराय लागली, त्यात दोन गेली."

पाच वर्षं आणि दहा मिनिटं. मी मनातल्या मनात भागाकार करायला घेतला आणि माणुसकी म्हणून सोडून दिला.

"अगं, पण मग त्या दिवशी सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सांगितलंत, विकत आणली म्हणून." वहिनींनी पाळण्याची दोरी हातात घेतली. "माझं माहेरबी हुपरीचंच हाय. सात वर्षांची असल्यापासनं पैंजणाच्या कड्या जोडल्यात मी. बहिरी मुलगी बघून लग्न केलं नव्हतं तुम्ही."

साहेब उठले, वहिनींसमोर गेले आणि दोन्ही हात ओंजळ करून पुढे धरले, प्रसाद मागतात तसे. वहिनींनी जरा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. तेवढा हक्क होता. मग पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून ओंजळीत टाकली. ती नाणी त्यांनी बारशाला बरोबर आणली होती.

डावा वाळा आठवड्याने झाला. उजव्यापेक्षा चकचकीत होता, हे साहेबांनी मान्य केलं.

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून पुण्याला परत निघालो. सामान गेलेलं, विमानाला दोन दिवस होते, आणि बाहेर राजाचा वाढदिवस. रायस्वाइकच्या रस्त्यांवर जिकडेतिकडे नारिंगी टोप्या, नारिंगी फुगे आणि चादरींवर मांडलेले लोकांचे जुने टोस्टर. निरोप घ्यायला साहेबांच्या घरी गेलो तर कुलूप. कोपऱ्यावर वळलो आणि दिसले.

एका म्हाताऱ्याच्या चादरीसमोर मालतीवहिनी पाटासारख्या छोट्या स्टुलावर बसल्या होत्या. पुढ्यात नाण्यांची बरणी. एकेक नाणं उचलून त्या फरशीवर टाकत होत्या, मान किंचित कलती. मागे पोतदारसाहेब उभे. एका हातात वहिनींची पर्स, दुसऱ्यात त्यांच्यावर धरलेली छत्री. पाऊस नव्हता. ऊन होतं, तेही बेताचंच.

"काय पोतदारसाहेब!" मी लांबूनच ओरडलो. "आज रोल नाहीत वाटतं?"

त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. हात रिकामा नव्हता, म्हणून पर्सच ओठांवर धरली.

"गप, मर्दा," ते कुजबुजले. "तिला ऐकू दे."